तिला मिळालेलं उदाहरण

शेवटचं मी आणि बायकोनं मिळून केलं ते काम म्हणजे केळफूल निवडणं.

मागच्या पडवीत जुना तमिळ पेपर पसरला होता. ती केळफुलाची जांभळी सालं एकेक उचकटून त्याखालचे कळ्यांचे घोस माझ्यापुढे टाकत होती. मी बोटांना खोबरेल तेल चोळून प्रत्येक कळीतला ताठ दांडा उपटत होतो. हा दांडा शिजत नाही. कितीही उकळा, दातात अडकतो. आमच्याकडे त्याला कळ्ळन् म्हणतात, म्हणजे चोर. चोर काढायचा आणि कळी ताकाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर काळी पडते. माझी बोटं राइस मिलमध्ये राठ झालेली, पण हे काम मला तिच्यापेक्षा बरं जमतं. जमायचं. आता कोण केळफूल आणतंय.

ती म्हणाली, "उद्या शास्त्र्यांकडे सभा आहे. मला एक उदाहरण पाहिजे. तुम्ही काही बोला ना."

"काय बोलू?"

"काही पण. जे दिसतं ते."

"मला सजवून बोलता येत नाही."

"म्हणूनच तुम्हाला विचारत्ये."

हा मला टोमणा वाटला. का वाटला ते पुढे सांगतो. मी नुसता चोर काढत राहिलो. पण दोन माणसं तासभर एका परातीवर बसली की तोंड किती वेळ बंद राहणार? शेजारच्यांची पाण्याची मोटार चालू झाली. मी म्हटलं, "मोटार पाणी ओढत नाही, हवा ओढत्ये. आवाज पातळ झालाय." मग मांजर येऊन बसलं. ती त्याच्याशी लाडानं बोलायला लागली, तेव्हा म्हटलं, "ते तुझ्याकडे बघत नाही. ताकाकडे बघतंय, आणि कान तुझ्याकडे ठेवलेत." मग आतले घोस आले, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. म्हटलं, "आता चोर काढायला नको. आतल्या कळीतला चोर कोवळा असतो, तो भाजीतच विरघळतो." असंच आणखी इकडचं तिकडचं बोलणं झालं.

एकाएकी ती म्हणाली, "थांबा. मिळालं मला."

"काय मिळालं?"

"उदाहरण. अगदी हेच पाहिजे होतं." ती हसत होती. हात तेलानं माखलेले, म्हणून मनगटानं डोळ्यावरचे केस मागे सारले.

"कुठलं ते सांग."

"उद्या सभेहून आल्यावर."

"म्हणजे आधी त्याला, मग मला."

"हो, आधी त्यांना. वाद त्यांच्याशी आहे. तुमच्याशी माझा कसला वाद?"

मी उठलो, चिंचेनं हात घासले आणि पुढच्या दारी जाऊन बसलो. राहिलेलं केळफूल तिनं एकटीनं निवडलं.

मला देवनागरी येत नाही. आमच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत घराघरांत मराठी बोलतात, पण वाचणारे बोटांवर मोजण्याएवढे. मी पाचवीपर्यंत तमिळ शाळेत गेलो आणि मग थेट पापनाशमच्या मिलमध्ये. हे सगळं मी तमिळ अक्षरांत मराठी लिहिलं आणि बँकेतून रिटायर झालेल्या एका बाईनं ते नागरीत उतरवून दिलं. तीही शास्त्र्यांकडे शिकते, माझ्या बायकोच्या शेजारी बसायची. उतरवताना म्हणाली, "अण्णा, 'म्हातारा' काढून सगळीकडे 'शास्त्री' करू या का? ते वाचतील." मी म्हटलं, वाचू दे. तो म्हातारा आहे. माझ्यापेक्षा मोठा आहे.

तर तो म्हातारा शिकवतो अलंकारशास्त्र. बोलण्याला दागिने कुठे आणि कसे घालायचे, याचं शास्त्र. हे कोणी आज काढलेलं नाही. हजार दीड हजार वर्षांपूर्वी राजांच्या सभांत विद्वान बसून यावर भांडत. मुखाला चंद्र म्हणावं की चंद्रासारखं म्हणावं, दोन्हींत फरक काय, यावर एकानं पोथी लिहायची, दुसऱ्यानं ती खोडायला आणखी जाड पोथी लिहायची, तिसऱ्यानं दोघांवर टीका लिहायची. अशा पोथ्यांचे ढीग आमच्या गावात ताडपत्रांवर पडलेत. म्हाताऱ्याला ती जुनी अक्षरं वाचता येतात. वाचून तो चारपाच बायकांना शिकवतो, फुकट. हजार वर्षं माणसं यावर भांडली आणि कोणाच्या घरी भात कमी शिजला नाही, की जास्त शिजला नाही. मी हे तिला एकदा म्हटलं. ती म्हणाली, "हेही लिहून ठेवायला पाहिजे." मला वाटलं चिडेल. चिडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मुलगी लग्न होऊन चेन्नईला गेली त्यानंतर हे सुरू झालं. तिला शिकायची हौस पहिल्यापासून. ती शाळा पूर्ण शिकलेली, संस्कृत येणारी, आणि दिली मला. मिलच्या माणसाला. आमच्यात तेव्हा मुलगा कामावर आहे का, एवढंच बघत. ती माझ्या घरी आली, तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण तिच्या डोक्यात एक खोली होती जिची चावी माझ्याकडे नव्हती. मी त्या खोलीकडे लक्ष दिलं नाही. बंद होती तोवर मला तिचा त्रास नव्हता. म्हाताऱ्यानं ती उघडली. त्याच्याकडे चावी होती, याचं मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

सभेचा दिवस असला की ती सकाळी जायची, एरवी दुपारी. जेवण झालं, भांडी झाली, की वेणी नव्यानं घालायची. मी विचारायचो, "सकाळी घातली होतीस ना?" ती म्हणायची, "सुटली." सुटलेली नसायची. येताना साडीला त्यांच्या घरच्या धुपाचा वास. आल्यावर थोडा वेळ ती इथे नसायची. कॉफीचं डिकाक्षन गाळताना हसायची. "काय झालं?" म्हटलं की, "काही नाही, आज एकीनं उपमा चुकवली." आता उपमा चुकवली यात हसण्यासारखं काय, हे मला समजावून सांगायचं तर आधी सगळं शास्त्र सांगावं लागणार. म्हणून ती सांगायची नाही. आणि मी विचारायचो नाही.

डांगर तिचं फार छान. उडदाचं पीठ दह्यात कालवून वरून फोडणी, आमच्या घरातली मूळची पद्धत. त्याचा पहिला डबा तिकडे जायचा. म्हाताऱ्याला बायको नाही, पोर नाही, सून नाही, म्हणून. मला कळतं. पण माझ्या पानात डांगर पडायच्या आधी त्याच्या पानात पडलेलं असायचं, हेही कळतं. आमच्याकडे भांड्यावर नावाची अक्षरं कोरून घेतात. माझी अक्षरं कोरलेला डबा त्याच्या फडताळात राहायचा आणि आमचा डबा कुठे म्हणून मी घरात शोधायचो.

मी तिला माझ्या मोपेडवरून तिथे कधी सोडलं नाही. देवळात सोडेन, दवाखान्यात सोडेन, ओरत्तनाडूला तिच्या मावशीकडे उन्हातून नेऊन आणेन. तिकडे नाही. "पाय आहेत ना," म्हणायचो. ती चालत जायची. उशीर झाला की मात्र मी गाडी घेऊन म्हाताऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी जायचो आणि हॉर्न दाबून धरायचो. ती बाहेर यायची, म्हणायची, "सगळ्यांना कळलं तुम्ही आलात." मी म्हणायचो, "कळू दे." एकदा म्हातारा आतूनच ओरडला, "जा बाई जा, तुमचा अनुप्रास आला." बायका हसल्या. अनुप्रास म्हणजे तेच तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं. माझा हॉर्न तसा. हे मला तिनं घरी आल्यावर सांगितलं, हसत हसत. मी जेवलो नाही.

एक महिन्यापूर्वीची गोष्ट. महिन्यापूर्वीची म्हणजे ती गेली त्याच्या आधीचा महिना. मी सकाळी म्हाताऱ्याच्या तिण्णैवर जाऊन बसलो, रस्त्याच्या बाजूच्या ओट्यावर. ऐकायला गेलो नव्हतो. खोटं कशाला, ऐकायलाच गेलो होतो. वर खिडकी उघडी. आत सभा चालू होती. सभा म्हणजे महिन्यातून एक दिवस, जुन्या राजसभांसारखा वाद. एकानं उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी दोष काढायचे.

आधी कोणीतरी उदाहरण दिलं, "नवऱ्याचा राग उकळत्या दुधासारखा." लगेच म्हातारा म्हणाला, "दोष सांगा." दुसरी म्हणाली, "दूध उतरवलं की खाली बसतं. ह्यांचा राग बसतो का?" तिसरी म्हणाली, "आणि दुधाला किंमत आहे." सगळ्या हसल्या. मला कळलं, उपमा द्यायची तर दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. फार मोठ्या वस्तूची दिली तरी दोष, फार हलक्या वस्तूची दिली तरी दोष. इतपत मलाही समजत होतं. जरा बरं वाटलं.

मग माझ्या बायकोचा आवाज आला. हा आवाज मी घरात कधी ऐकिला नव्हता. घरात ती बोलायची ते काम करता करता, पाठ फिरवून, पाण्याच्या आवाजात अर्धं बुडालेलं. इथे एकेक शब्द सुटा, नीट निवडलेला. मला माझीच बायको परकी वाटली आणि देखणी वाटली, खिडकीतून न दिसता.

ती म्हणाली, "जे जसं आहे तसं सांगणं, याला काही जण अलंकार म्हणतात. स्वभावोक्ती. पण विचार करा. पाणी ओलं आहे, बैल चरतो आहे, भात शिजला आहे, असं सांगणारा माणूस काय सांगतो? बातमी सांगतो. बातमी तर रस्त्यावरचा कोणी पण देतो. त्यात वाणीला वळण कोठे आहे? वळण नाही तर शोभा नाही. उघड्या हाताला कोणी बांगडी म्हणेल का? जो माणूस आयुष्यभर असंच बोलतो, त्याच्या घरी सगळं कळतं आणि काही ऐकू येत नाही."

म्हातारा म्हणाला, "शाब्बास! वा! माझ्यापेक्षा चांगलं मांडलंस."

मी उठून निघून आलो. हॉर्न वाजवला नाही. गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि मग चालू केली.

आयुष्यभर असंच बोलणारा माणूस तिच्या घरी एकच होता. हे कोणाबद्दल होतं ते कळायला शास्त्र लागत नाही. आणि हे तिनं परक्या पुरुषासमोर, चार बायकांसमोर, त्या सुट्या सुंदर आवाजात सांगितलं आणि त्यानं शाब्बास म्हटलं. तिला मी काही विचारलं नाही. विचारलं तर तिण्णैवर बसलो होतो हे सांगावं लागलं असतं. महिनाभर मी कमी बोललो. जे बोललो त्यात मुद्दाम काहीबाही घालायला गेलो. एकदा इडली खाऊन म्हटलं, "इडली ढगासारखी झाल्ये." तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

म्हणून त्या संध्याकाळी केळफुलापाशी ती "म्हणूनच तुम्हाला विचारत्ये" म्हणाली, तेव्हा मला वाटलं, उद्याच्या सभेला दोष दाखवायला माझं बोलणं न्यायचंय. आणि "मिळालं" म्हणाली तेव्हा वाटलं, मिळाला हिला दोष. आधी म्हातारा हसणार, मग मला कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा उठलो, डिकाक्षन गाळलं, दूध तापवलं. सकाळची कॉफी माझी, दुपारची तिची, असं वाटून घेतलं होतं. कॉफीचा वास आत गेला की ती कूस बदलायची. बदलली नाही. मी दोन टंबलर घेऊन आत गेलो. हात गालाखाली, तोंड भिंतीकडे. खांद्याला हात लावला तर गार.

शेजारीण आली, तिनं आणखी दोघींना बोलाविलं. मुलीला फोन केला. ती लगेच निघते म्हणाली, पण चेन्नईहून यायचं म्हणजे दुपार. तिला फोनवर मराठी सुचेना, ती तमिळमध्ये रडली. डॉक्टर येऊन बघून गेला. बायका तिच्याजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "आज त्यांची शास्त्र्यांकडे सभा ना? वाट बघत असतील. फोन करू का?"

मी म्हटलं, "मी जातो."

"तुम्ही कशाला? आज?"

"मीच जातो."

का गेलो? त्याचं तोंड बघायचं होतं. ही बातमी दुसऱ्या कोणाकडून कळून त्यानं पहिलं रडं एकट्यानं रडलेलं मला नको होतं. ते माझ्यासमोर व्हायला पाहिजे होतं. आणि माझ्यापेक्षा जास्त होतं का, तेही बघायचं होतं. दुःखाच्या दिवशी माणूस असा विचार करतो का, असं बँकेतली बाई उतरवताना म्हणाली. मी केला. मला वेगळा दिवस कुठून आणायचा?

दार उघडंच होतं. चटईवर बायका बसलेल्या, म्हातारा झोपाळ्याच्या फळीवर, मांडीवर पोथी नाही, सगळं तोंडपाठ. मला बघून बँकेतली बाई म्हणाली, "अण्णा आत आले! आज हॉर्न नाही. अक्का मागून येतायत का?"

मी म्हटलं, "ती येत नाही. ती गेली. झोपेत, पहाटे कधीतरी. हात गालाखाली आहे. कॉफीच्या वासानं ती हलायची, आज हलली नाही, म्हणून कळलं. दुसरा टंबलर तसाच आहे."

म्हाताऱ्यानं फळीच्या साखळीला धरलं. रडला नाही. तोंड उघडं राहिलं, एवढंच. मी बघत होतो.

मग तो म्हणाला, "काल काय करत होती?"

"तुम्हाला कशाला?"

बँकेतली बाई रडत रडतच मला समजावू लागली. "अण्णा, आज अक्का उत्तर देणार होत्या. वादाची रीत असते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याची बाजू. तीही त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, जीव तोडून, जणू आपलीच. ती नीट मांडता आली तरच ती खोडायचा हक्क मिळतो. गेल्या सभेला अक्कांनी शास्त्र्यांची बाजू मांडली होती. आज त्यांची स्वतःची होती."

"शास्त्र्यांची बाजू म्हणजे?"

"साधं बोलणं हा अलंकार नाही, नुसती बातमी आहे. ही शास्त्र्यांची बाजू."

"उघड्या हाताला बांगडी?" मी म्हटलं. "सगळं कळतं आणि काही ऐकू येत नाही? ते?"

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. "हे तुम्ही कोठे ऐकिलंत?"

"तिण्णैवर."

"आणि उठून गेलात?"

"गेलो."

"अहो राव, अर्धा वाद ऐकून कोणी उठतं का? मी शाब्बास म्हटलं, त्यावर ती म्हणाली, 'हा झाला शास्त्र्यांचा पक्ष. माझा पक्ष वेगळा आहे, आणि माझं उदाहरण माझ्या घरात आहे.' ते ऐकायला पाहिजे होतंत."

मला बसावंसं वाटलं, पण त्याच्या घरात बसायचं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकलो.

तो म्हणाला, "तुमची वाक्यं ती आणायची. वर्षानुवर्षं. 'मिल बंद झाली तरी कानात थोडा वेळ चालते.' 'साळ उकडली की दाणा तोंड उघडतो, मग तिला जास्त विचारायचं नाही.' 'म्हातारं माणूस जिना उतरताना पायरीकडे नाही, हाताकडे बघतं.' मी म्हणायचो, बाई, दोष नाही पण अलंकारही नाही. ती म्हणायची, थांबा, आणखी आणत्ये."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला आग लागली. ही माझी बोलणी होती. तिला सांगितलेली, जेवताना, अंगणात, गाडीवर. मला ती बोलल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. तिनं ती उचलून इथे आणली, माझ्या डब्यातल्या डांगरासारखी, आणि ती ह्याला पाठ. माझ्याच तोंडचं मला ह्याच्याकडून ऐकावं लागलं.

"मिलचं ते मी मिलबद्दल बोललो होतो," मी म्हटलं. "दुसरं काही नाही."

"ठाऊक आहे. तीही हेच म्हणायची. दुसरं काही नाही, म्हणूनच."

"आणि तुम्ही आता काय म्हणता? आजसुद्धा?"

म्हातारा म्हणाला, "आजसुद्धा. ती नाही म्हणून मी पक्ष बदलला तर तिचा अपमान होईल. माझ्या मते ती बातमी आहे."

"मग तुम्हाला काही कळत नाही," मी म्हटलं. तिच्या बाजूनं मी भांडत होतो. मला शास्त्रातलं एक अक्षर येत नाही, पण त्या घरात तिच्या बाजूनं उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. "काल ती म्हणाली, मिळालं. अगदी पाहिजे तेच मिळालं. तुम्हाला हरवणार होती ती."

म्हातारा पुढे सरकला. "कशावर म्हणाली? काय बोललात तुम्ही?"

बायकाही बघत होत्या. मी सांगायला लागलो. केळफूल, परात, मोटार पाणी ओढत नाही हवा ओढते. मांजराचे कान. आतल्या कळीतला कोवळा चोर. जसं झालं तसं, क्रमानं. तो डोळे मिटून ऐकत होता. प्रत्येकाला थोडी मान हलवायचा, पुढे म्हणायचा. शेवटी डोळे उघडले.

"यातलं नाही."

"यातलंच."

"नाही, राव. चोराचं चांगलं आहे. पण त्यावर ती 'थांबा' म्हणणार नाही. असली तिच्याकडे पुष्कळ होती. मी तिला ओळखतो. काहीतरी राहिलं सांगायचं."

मी तिला ओळखतो, म्हणाला. ती घरी गार पडलेली असताना, माझ्यासमोर.

"एवढंच होतं," मी म्हटलं.

राहिलं होतं. सांगता सांगता मी त्याच्यापाशी आलो होतो, मला दिसलं, आणि मी ते ओलांडून पुढे गेलो. कळीच्या चोरानंतर मी आणखी एक बोललो होतो, तिच्याकडे बघून, आणि त्यावरच ती थांबा म्हणाली. वर मी केळफुलाचं लिहिलं त्यातही ते नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं असं लिहिलंय, ते तिथे होतं. बँकेतल्या बाईनं उतरवताना तिथे बोट ठेवून विचारलं, "अण्णा, इथे काय होतं?" तिलाही सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्याकडे माझी पुष्कळ वाक्यं आहेत. हे नाही. तो वाद जिंकेल, जिंकू दे. त्याला उत्तर मिळायचं नाही.

तो म्हणाला, "मला तिला बघायला यायचंय."

त्याला धड चालता येत नाही, काठीनं अंगणापर्यंत जातो. बँकेतली बाई डोळे पुसून म्हणाली, "मी ऑटो बोलावते."

"ऑटो कशाला?" मी म्हटलं. "माझी गाडी आहे."

हे मी का म्हटलं ते मला ठाऊक नाही. बहुतेक, त्यानं तिच्याकडे माझ्याशिवाय यायला नको होतं.

दोघी बायकांनी त्याला धरून बाहेर आणला. मी तोवर आत गेलो. फडताळात माझी अक्षरं कोरलेला डबा होता, धुऊन पालथा घातलेला. तो उचलला आणि बाहेर येऊन हॅण्डलला अडकवला. त्यानं बघितलं. मागच्या सीटवर तो एका बाजूनं बसला, ती बसायची तसा. एवढासा, हलका.

"पाय वर घ्या," मी म्हटलं. "सायलेन्सर भाजतो."

त्यानं पाय वर घेतले आणि माझ्या सदऱ्याला पाठीमागून मुठीत धरलं. ह्या वाटेनं माझ्या गाडीवर मागे तिच्याशिवाय दुसरं माणूस पहिल्यांदाच बसलं होतं. राजवाड्याच्या भिंतीशी वळताना तो माझ्या कानाजवळ वाकला.

"राव, नक्की एवढंच बोललात?"

ऐकू आलं मला. मी वेग वाढवला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती. मी हॉर्न दाबून धरला. माणसं बाजूला झाली.